काळी, पांढरी आणि देखावा
निसर्गचित्रकार शिक्षक नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या निमित्ताने

माजलगावच्या एखाद्या शाळेत चौथी-पाचवीतील मुलास कोरा कागद देऊन 'देखावा काढ' असे सांगितले, तर तो जे चित्र काढील त्याचे वर्णन ते चित्र पाहण्यापूर्वीच करता येते. कागदाच्या वरच्या भागात दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा अर्धा सूर्य, सूर्याभोवती काडीसारखे किरण, आकाशात चारच्या आकड्यासारखे दोन-तीन पक्षी, डोंगराच्या पायथ्यापासून वळणे घेत पुढे येणारी आणि येताना रुंद होत जाणारी नदी, तिच्या एका काठावर उतरत्या छपराची झोपडी आणि झोपडीशेजारी वाकलेला एक माड. हेच चित्र सोलापूरचा मुलगा काढतो, हेच अमरावतीचा काढतो आणि त्याच्या वडिलांनीही त्याच्या वयाचे असताना हेच काढलेले असते.

आता माजलगावचा प्रत्यक्ष भूभाग पाहावा. बीड जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने बालाघाटाची रांग जाते. माजलगाव तिच्या उत्तरेस, गोदावरीच्या सखल खोऱ्यात आहे. गावाजवळून वाहणारी सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीस मिळते. डोंगराच्या खिंडीतून सूर्य उगवण्याचा प्रसंग येथे येत नाही. तो सरळ आडव्या क्षितिजरेषेवरून, कापसाच्या किंवा उसाच्या शेतामागून वर येतो. माड नाही, बाभूळ आहे, लिंब आहे. जुन्या वस्तीत उतरत्या छपरापेक्षा मातीच्या सपाट माळवदाचे घर अधिक. म्हणजे मुलाने काढलेल्या चित्रातील एकही वस्तू त्याच्या डोळ्यांसमोरील नाही, आणि डोळ्यांसमोरील एकही वस्तू त्याच्या चित्रात नाही. तो आळशी असतो किंवा त्याची नजर मंद असते, असे मुळीच नाही. तोच मुलगा आभाळाकडे पाहून पाऊस कोणत्या रानावर उतरला आहे हे सांगू शकतो. पाहणे आणि चित्र काढणे या दोन व्यापारांचा परस्परांशी संबंध आहे, एवढीच गोष्ट त्यास कोणी दाखविलेली नसते.

'देखावा' हा शब्दच या बाबतीत उद्बोधक आहे. 'मेळणे' पासून 'मेळावा', 'दुरावणे' पासून 'दुरावा', तसा 'देखणे' पासून 'देखावा'. व्युत्पत्तीने तो दृष्टीशी निगडित आहे. परंतु व्यवहारात त्याला जे अर्थ चिकटले आहेत ते पाहण्याचे नसून दाखविण्याचे आहेत. नाटकात देखावा असतो, गणेशोत्सवात देखावा उभारतात, आणि मनात नसलेली सहानुभूती कोणी प्रकट केली तर त्याने 'देखावा केला' असे आपण म्हणतो. तिन्ही ठिकाणी प्रेक्षकासाठी मुद्दाम रचलेले काहीतरी अभिप्रेत आहे. मराठी रंगभूमीच्या भरभराटीच्या काळात नाटकमंडळ्या रंगविलेले पडदे गावोगाव घेऊन हिंडत. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव या मेस्त्री बंधूंनी पुढे 'पेंटर' हे नाव मिळविले ते याच कामातून. डोंगर, नदी व झोपडी यांचा ठरीव मेळ कोठून आला याचा शोध घेऊ पाहणाऱ्याने असे पडदे आणि शिळाछापाची रंगीत चित्रे प्रथम चाळावीत. काहीही असो, मुलाच्या वहीतील देखावा हे पाठ केलेले वाक्य आहे. त्यातील शब्द त्यास येतात, वाक्य म्हणता येते, पण त्या शब्दांनी दुसरे वाक्य रचता येत नाही.

दुसरा शब्द 'निसर्गचित्र'. संस्कृतात 'निसर्ग' म्हणजे मुख्यतः उपजत स्वभाव. 'निसर्गतः' या अव्ययात तो अर्थ अजून टिकून आहे. झाडे, डोंगर, पाणी यांचा समुच्चय हा त्याचा अर्थ मराठीत अलीकडे रूढ झाला. शालेय चित्रकलेच्या परीक्षांत, म्हणजे ज्यांना लोक एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट याच नावांनी ओळखतात त्यांत, जुन्या पद्धतीप्रमाणे 'निसर्गचित्र' म्हणजे समोर ठेवलेली पानाफुलांची डहाळी काळजीपूर्वक रेखाटणे. चित्रकार मात्र त्याच शब्दाने मोकळ्या भूभागाचे चित्र समजतो, आणि बोलताना तर तो 'लँडस्केप' असेच म्हणतो. हा शब्दही मुळात इंग्रजी नव्हे. डच भाषेत त्याचा अर्थ मुलूख, प्रदेश असा होता. डच चित्रकारांची प्रदेशचित्रे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पोहोचली तेव्हा चित्राबरोबर त्याचे नावही गेले. पुढे अर्थ उलटा फिरला आणि चित्रासारखा दिसणारा प्रदेश तो 'लँडस्केप' असे लोक म्हणू लागले. माजलगावच्या मुलाच्या अडचणीचे बीज या उलट्या प्रवासात आहे. आपला प्रदेश चित्रासारखा दिसत नाही, म्हणून तो चित्रास योग्य नाही, असे त्यास न सांगताच समजून चुकलेले असते.

ही समजूत मोडण्याचे काम कोणी करावे? उत्तर उघड आहे. जो स्वतः उन्हात बसून भूभागाची चित्रे काढतो आणि शिकवितोही, अशा माणसाने. महाराष्ट्रात अशांची परंपरा लहान नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली आणि जलरंगाचे शिक्षण अनेकांना दिले. प्रल्हाद अनंत धोंड यांनी कोकणचा समुद्र जलरंगात आणला आणि ते सर ज. जी. कलाशाळेचे अधिष्ठाताही झाले. परंतु धोंडांचा समुद्र गोदावरीच्या खोऱ्यातील शिक्षकाच्या फारसा कामी येणार नाही. त्याला हवे आहे ते सपाट, काळ्या मातीच्या, उन्हाने उजळलेल्या मुलखाचे उदाहरण, आणि ते शोधण्यास इंदूरकडे वळावे लागते.

हा मोठा वळसा वाटेल, पण तसा तो नाही. माळव्याचे पठार आणि मराठवाडा या एकाच लाव्हाथराच्या दोन बाजू आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो काळा कातळ थरावर थर साचत गेला, त्याच्या झिजेतून दोन्हीकडची कापसाची काळी माती झाली. इंदूर ही होळकरांची राजधानी असल्यामुळे तेथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी होती, आणि त्यांतीलच एक, दत्तात्रय दामोदर देवळालीकर (१८९४–१९७८), यांनी मुंबईचे कलाशिक्षण संपवून इंदुरास १९२७ च्या सुमारास चित्रकलेची शाळा सुरू केली. विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढून गावाच्या कडेला, बाजारात, घाटावर बसविणे हा त्यांच्या शिक्षणाचा कणा होता. जाडसर रंगाचे मोठे ठिपके व पट्टे धीटपणे टाकून प्रकाशाचा परिणाम साधण्याची जी रीत पुढे इंदूरची म्हणून ओळखली गेली, ती या शाळेतून निघाली. विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी असे पुढे नावारूपास आलेले चित्रकार तेथेच घडले. त्यांच्याच बरोबरीचे नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. महाविद्यालयीन पदवी आणि मुंबईची चित्रकलेची पदविका त्यांनी जवळजवळ एकाच सुमारास घेतली. १९३६ पासून तीन वर्षे ते काश्मीर संस्थानाच्या प्रवासी-खात्यात चित्रकार म्हणून होते; नंतर देशभर हिंडून त्यांनी घाट, देवळे, बाजार, गल्ल्या, शेते यांची असंख्य चित्रे काढली. १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. या सर्व काळात त्यांची ख्याती निसर्गचित्रकार म्हणूनच होती. तिशीत इंदूरच्या रस्त्यावर ते चित्र काढीत असता पंढरपुरास जन्मलेला एक तरुण त्यांच्या सहवासात आला. चित्रकला हा पोटापाण्याचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्या तरुणाच्या वडिलांना बेंद्रे यांनी घरी जाऊन पटवून दिले, अशी आठवण त्यानेच पुढे सांगितली आहे. तो तरुण म्हणजे मकबूल फिदा हुसेन. शिक्षक म्हणून नेमणूक होण्याच्या कितीतरी आधी बेंद्रे यांनी केलेले हे शिक्षकाचे काम होय.

येथे थोडे थांबून, उघड्यावर बसून चित्र काढणे म्हणजे तांत्रिक दृष्ट्या काय, हे पाहिले पाहिजे. कारण बेंद्रे यांच्या शिक्षणपद्धतीचा उगम तेथे आहे. तैलरंग घेऊन बाहेर जाणे सुलभ झाले ते १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूची नळी शोधल्यावर. तोपर्यंत रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. नळी आली तरी मुख्य अडचण राहिलीच. खोलीतील फुलदाणी दिवसभर तशीच असते. बाहेरची सावली मात्र हलते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे सकाळी आठ वाजता आरंभिलेल्या चित्रातील सावल्या दहा वाजता खोट्या ठरतात. विद्यार्थ्याला दोनच मार्ग उरतात. सावल्यांच्या मागे धावत राहून चित्र बिघडवावे, किंवा पहिल्या दहा मिनिटांत मुख्य काळोख व मुख्य उजेड यांच्या सीमा ठरवून टाकाव्यात आणि नंतर सूर्याने काहीही केले तरी त्या बदलू नयेत. ही निश्चिती झाल्यावर तपशिलांपैकी नव्वद टक्के तपशील सोडूनच द्यावा लागतो. कोणता दहा टक्के ठेवावयाचा याचा नियम कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, कारण तो जागेप्रमाणे बदलतो. शिक्षक फार तर स्वतः निवड करून दाखवू शकतो.

आणि बेंद्रे तेच करीत. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, आणि हंसा मेहता कुलगुरू असताना पुढच्याच वर्षी तेथे ललितकला विद्याशाखा उघडली गेली. कलाशाळा ही स्वतंत्र संस्था असते, विद्यापीठात तिचे काय काम, असे मानण्याच्या त्या काळात ही घटना महत्त्वाची होती. बेंद्रे तेथे १९५० मध्ये चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून गेले, १९५९ मध्ये विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये राजीनामा देऊन मुंबईस परतले. शिल्पकलेकडे शंखो चौधुरी होते. १९५१ पासून के. जी. सुब्रह्मण्यन हेही आले. बेंद्रे यांची रीत अशी होती की व्याख्यान देण्यापेक्षा ते विद्यार्थ्यांच्या देखत चित्र काढीत. कोरा पृष्ठभाग, पहिली रेघ, पहिला चुकलेला रंग, तो पुसण्याऐवजी त्यालाच उपयोगात आणणारा दुसरा रंग, हा सर्व क्रम विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर घडे. शिक्षकाने तयार चित्र दाखविले तर विद्यार्थी चित्राची नक्कल करतो. चित्र होताना पाहिले तर त्याला निर्णय दिसतात. या दोहोंतील फरक भाषा शिकविणाऱ्यास विशेष जाणवावा. व्याकरणाची सिद्ध रूपे पाठ करविणे आणि विद्यार्थ्यासमक्ष वाक्य जुळवीत, अडखळत, दुरुस्त करीत बोलणे, यांत दुसऱ्याने भाषा येते हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि वर्गात पहिलेच अधिक चालते.

आता जी गोष्ट खरोखर चकित करणारी आहे ती सांगावयास हवी. निसर्गचित्रकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या या शिक्षकाच्या हाताखालून जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांत बेंद्रे यांच्यासारखी निसर्गचित्रे काढणारा जवळजवळ कोणी नाही. शांती दवे पृष्ठभागाच्या उठावाकडे गेले. ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे आणि नंतर कॅमेरा घेऊन खेड्यांतील भिंती-अंगणांवरील लोककलेची नोंद करण्याकडे वळले. काश्मीरहून शिष्यवृत्तीवर आलेले गुलाम रसूल संतोष तांत्रिक आकृतिबंधात रमले. रतन परिमू यांनी कलेतिहासाचे अध्यापन केले. गुलाममोहम्मद शेख यांच्या 'सिटी फॉर सेल'सारख्या चित्रांत शहर कथनासारखे पसरलेले दिसते. गुरूच्या हाताची मुद्रा शिष्याच्या हातावर उमटावी, ही आपल्याकडील जुनी अपेक्षा. संगीतात तर तोच घराण्याचा पुरावा मानतात. या मापाने मोजल्यास बेंद्रे अयशस्वी ठरतील. पण हे माप त्यांना लावणे हीच चूक आहे. त्यांनी निसर्गचित्र हा विषय शिकविला नाही; समोर जे आहे त्यातून स्वतः निवड करण्याची सवय लावली, आणि ज्याला निवड करता येऊ लागली तो साहजिकच स्वतःचा विषय निवडणार.

त्यांचे स्वतःचेही तसेच झाले होते. १९४५ मध्ये शांतिनिकेतनात राहून त्यांनी नंदलाल बोस, रामकिंकर, विनोदविहारी यांचे काम जवळून पाहिले. १९४७-४८ मध्ये अमेरिकेस जाऊन न्यूयॉर्कमध्ये मुद्राचित्रणाचा अभ्यास केला, तेथे प्रदर्शन भरविले, आणि परतताना युरोप पाहिला. बडोद्यात शिकवीत असताना ते घनवादी मांडणीचे प्रयोग करीत होते. 'काटा' या चित्रास १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्याच काळात. विद्यार्थ्यांपुढे शिक्षकच स्वतःची सिद्ध शैली मोडीत होता, ही गोष्ट पाठ्यक्रमात लिहिता येत नाही. मुंबईस आल्यावर मात्र ते पुन्हा पाणी, झाडे, रानातील बायका, गुरे यांकडे आले, आणि ते रंगाच्या बारीक ठिपक्यांनी. पॅलेटवर रंग मिसळण्याऐवजी शुद्ध रंगांचे कण शेजारी शेजारी ठेवले तर ठराविक अंतरावरून डोळाच त्यांचे मिश्रण करतो. फ्रान्समध्ये झॉर्झ सरा याने १८८० नंतर हे तत्त्व शास्त्रासारखे वापरले होते. सराचे ठिपके काटेकोर व थंड वाटतात, बेंद्रे यांचे अधिक सैल व उबदार. या शेवटच्या चित्रांची गोडी काही समीक्षकांना अति वाटते आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही. १९६९ मध्ये पद्मश्री व १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले, आणि १९९२ मध्येच मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता माजलगावच्या वर्गाकडे परत येता येईल. बेंद्रे यांच्या उदाहरणातून तेथील चित्रकला-शिक्षकाने काय घ्यावे? त्यांची शैली निश्चितच नव्हे. घ्यावयाचे ते एवढेच की प्रथम स्वतः रानात बसावे. आणि तसे तो बसला की छापील मार्गदर्शिकांतील कित्येक नियम त्याच्या मुलखाला लागू पडत नाहीत, असे त्याला आढळून येईल.

उदाहरणार्थ, दूरचे पदार्थ निळसर दाखवावेत हा नियम. तो ओलसर व स्वच्छ हवेच्या प्रदेशातून आला आहे. हवेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून दूरचा डोंगर निळा दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत गोदावरीखोऱ्यातील हवेत धुळीचे मोठे कण असतात, आणि मोठे कण सर्वच रंग सारखे विखुरतात. परिणामी दूरची झाडे निळी न होता फिकट, पांढुरकी, किंचित पिवळट होत जातात. निळे अंतर पाहावयाचे तर पावसाळ्यानंतरच्या धुतलेल्या हवेची वाट पाहावी. दुसरे उदाहरण सावल्यांचे. माजलगाव उत्तर अक्षांश एकोणीसच्या किंचित वर आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशी नाहीशी होते. युरोपातील कोणत्याही चित्रकाराला त्याच्या देशात हा अनुभव कधीच येत नाही. तेथील पुस्तकांत तिरप्या सावल्यांवर प्रकरणे आहेत, सावलीविना उन्हावर नाहीत. अशा वेळी झाडाची छाया गोल चकतीसारखी खोडाभोवती पडते, माळवदाच्या घराची भिंत वरून उजळ व खाली जमिनीवरून परतलेल्या प्रकाशाने तांबूस होते. बाहेर बसलेल्या मुलाला हे एका दुपारी समजते, अर्थात डोके भाजून घेऊनच.

काळ्या मातीचाही असाच विचार आहे. 'काळी' म्हटल्याबरोबर मूल काळ्या रंगाची वडी उचलते. प्रत्यक्षात कोरडी काळी माती उन्हात राखाडी, कधी कधी जवळजवळ फिकट असते. तिच्या भेगाच तेवढ्या काळ्या. पाऊस पडला की तीच गडद होते, आणि ओल्या ढेकळांच्या पाठीवर आभाळाचा निळा-जांभळा उजेड पडतो. चित्रकार तेथे तयार काळा रंग टाळून जळकट तपकिरी आणि गडद निळा यांच्या मिश्रणातून ती उभी करतो. त्यामुळे काळेपणातही उष्ण व शीत असे दोन पदर राहतात.

आणि येथेच मराठी भाषेने शिक्षकासाठी एक साधन तयार ठेवले आहे, ज्याचा उपयोग वर्गात होताना दिसत नाही. खेड्याचे वर्णन करताना जुनी माणसे 'काळी' आणि 'पांढरी' अशी जोडी वापरतात. काळी म्हणजे पिकाची जमीन; पांढरी म्हणजे ज्या भूमीवर गाव वसले आहे ती. महसुलाच्या जुन्या कागदांत आणि गावदेवतेच्या नवसांतही ही जोडी येते. शब्दांचा व्यवहार जमिनीच्या उपयोगाविषयी आहे. परंतु त्यांचे मूळ डोळ्यांत आहे. दुरून पाहणाऱ्याला अंधारा पसरलेला पट्टा म्हणजे शेत आणि त्यावर उजळ उंचवटा म्हणजे वस्ती, असे दिसले म्हणूनच ही नावे पडली. उघड्यावर चित्र काढणारा पहिल्या दहा मिनिटांत जे ठरवितो, मुख्य काळोख कोठे आणि मुख्य उजेड कोठे, ते या जोडीने शतकांपूर्वी ठरवून ठेवले आहे. मुलाला छायाभेदाची व्याख्या सांगण्यापेक्षा 'आधी काळी दाखव, मग पांढरी दाखव' असे सांगितले तर तो कागदाचे दोन भाग आपण होऊन करील, आणि डोंगर, सूर्य, माड यांची आठवणही त्याला होणार नाही. 'मुरमाड', 'बरड', 'चुनखडीची' असे मातीचे पोटभेद त्याच्या घरी रोज उच्चारले जातातच. त्या प्रत्येकाला स्वतःचा रंग आहे. नाव असलेली वस्तू डोळा लवकर वेगळी काढतो. प्रमाणभाषेच्या पाठ्यपुस्तकाने या नावांना ग्राम्य म्हणून दूर ठेवले आणि चित्रकलेच्या वहीने त्या वस्तूंना कुरूप म्हणून. दोन्हीकडे नुकसान त्याच मुलाचे झाले.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यामुळे मुंबईच्या कलाशिक्षणाच्या शासकीय चौकटीत तो उशिरा दाखल झाला. चित्रकला-शिक्षक हा अशा भागात बहुतेकांना आयुष्यात भेटणारा एकमेव चित्रकार असतो. त्याला वर्षभर परीक्षेची तयारी करून घ्यावी लागते, आणि इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्यास शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळत असल्यामुळे पालकांचेही लक्ष तेथेच असते. या परीक्षांना नावे ठेवणे सोपे आहे, परंतु त्यांच्यामुळेच खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती ब्रश आला हेही खरे. अडचण एवढीच की परीक्षेची बैठक वर्गात होते. स्मरणचित्राच्या प्रश्नाला मूल उत्तर देते तेव्हा त्याच्या स्मरणात जे आहे तेच कागदावर येणार, आणि रानात कधी बसलेच नसेल तर स्मरणात तो जुना देखावाच असणार.

माजलगावला तर आता वेगळाच विषय उपलब्ध आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर धरण झाले आणि जेथे काळी होती तेथे मैलोगणती पाणी उभे राहिले. देखाव्यातील नदी नेहमी निळी असते. हे पाणी क्वचितच निळे असते. सकाळी ते आभाळापेक्षा किंचित गडद, दुपारी पत्र्यासारखे, आणि गाळ मिसळला की मातीच्याच रंगाचे. संथ पाण्यात उजळ वस्तूचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडे मंद पडते आणि गडद वस्तूचे थोडे फिकट. हा भेद काठावर बसून काही मिनिटे पाहिल्यावर कोणासही दिसतो. काठावरील बाभळींची प्रतिबिंबे लाटेने तुटतात तेव्हा ती आडव्या पट्ट्यांत तुटतात, उभ्यांत नव्हे. एका तासिकेत वर्ग तेथवर जाऊन येऊ शकत नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मात्र पुरेसा वेळ असतो, आणि सामान म्हणून पुठ्ठा, पाण्याची बाटली, चार रंग व मध्ये चौकोनी खिडकी कापलेला जाड कागद एवढे पुरते. त्या खिडकीतून पाहिले की क्षितिजाची रेघ कागदावर किती उंच घ्यावयाची हा पहिला प्रश्न उभा राहतो. माजलगावच्या मुलखात ती बहुधा फार खाली घ्यावी लागते, आणि कागदाचा तीन-चतुर्थांश भाग आभाळाला द्यावा लागतो.